लेझरनंतर किती दिसतं? आधी विचारा, कधी

भाचीचा प्रश्न साधा होता. “मावशी, तुझा नंबर पूर्ण गेला ना? आता किती दिसतं तुला?”

मी म्हटलं, “कधी?”

“कधी म्हणजे?”

म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, की रात्री गाडी चालवताना? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, की तिसऱ्या महिन्यात? तेव्हा तेहतिसाव्या वर्षी, की आज चव्वेचाळिसाव्या? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि ती सगळी उत्तरं माझ्याकडे लिहिलेली आहेत. मी मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातले अनुस्वार आणि रफार तपासते. पोट डोळ्यांवर चालतं, म्हणून चष्म्याचा नंबर घालवायला ते लेझरखाली देण्याआधी मी एक वही घातली आणि पुढे जमेल तसं तिच्यात लिहीत राहिले. हे सगळं त्या वहीवरून. लेझर करा किंवा करू नका, असं मी कोणालाच सांगत नाही. करणार असाल तर निकाल कसा वाचायचा, तो वाचता यावा म्हणून आधी काय लिहून ठेवायचं, तेवढं सांगते.

वही आधी, तारीख नंतर

माझा नंबर उजव्या डोळ्याचा मायनस ६.२५ आणि ०.७५ सिलिंडर (एकाच दिशेतल्या वाकडेपणाचा नंबर), डाव्याचा मायनस ५.५. बहुतेक जण मोजायला सुरुवात करतात ती ऑपरेशन झाल्यावर, आणि तिथेच गफलत होते. “पूर्वी असं नव्हतं” म्हणायला पूर्वीचं लिहिलेलं लागतं. चष्मा लावूनही मला रात्री दिव्यांना काटे फुटलेले दिसायचे. वही नसती तर हे मी शपथेवर नाकारलं असतं आणि सगळं खापर लेझरवर फोडलं असतं.

तर पहिलं काम. नेहमीचा चष्मा लावा, रात्री एका ठरावीक जागी उभे राहा आणि लांबचा एक ठरावीक दिवा पाहा. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. जे दिसतं त्याचं चित्र काढा. चित्रकला यायची गरज नाही. दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं आहे का, काटे किती, कोणत्या बाजूला लांब, एवढं कळलं की पुरे. तारीख टाका. हेच चित्र पुढे तीनदा काढायचं आहे, त्याच जागेवरून, त्याच दिव्याचं.

दुसरं, वाचन. लहान, मध्यम, मोठा असे तीन टाइप असलेलं एक पान निवडा. चष्म्याने ते किती अंतरावर आरामात वाचता येतं ते टेपने मोजा. मग चष्मा काढून मोजा. माझं बिनचष्म्याचं अंतर १६ सेंटिमीटर आलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बरंच बोलायचं आहे.

तिसरं, डोळे दिवसातून किती वेळा चुरचुरतात आणि साधारण किती वाजता.

चौथी गोष्ट म्हणजे यादी. आपल्याला हे कशासाठी हवं आहे? मी लिहिलं होतं: उठल्यावर घड्याळ दिसावं, पोहताना काठावरची माणसं ओळखू यावीत, पावसात काचा पुसणं थांबावं, लेन्सची डबी सांभाळणं थांबावं. आणि पाचवं, लाल शाईने: आज जे काम डोळ्यांना जमतं ते उद्याही जमावं. पहिली चार कलमं सगळ्यांची जवळपास सारखीच असतात. खरा विचार पाचव्यावर करायचा. रात्री ट्रक चालवणाऱ्याचं पाचवं कलम वेगळं असेल, कशिदा काढणाऱ्या बाईचं वेगळं.

वहीचा एवढा आग्रह का, तर त्याला एक भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने तिथल्या राष्ट्रीय नेत्र संस्थेबरोबर आणि संरक्षण खात्याबरोबर लॅसिक, म्हणजे नंबर घालवणाऱ्या लेझरची एक पद्धत, झालेल्यांचा ‘प्राउल’ नावाचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. आपल्या दृष्टीवर समाधानी असणारे ९५ टक्क्यांच्या वर होते. पण ज्यांना आधी खळं, काटे, चकाकी, दुहेरी दिसणं यांपैकी काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या ४३ ते ४६ टक्के लोकांना तिसऱ्या महिन्यात यातलं किमान एक नव्याने दिसत होतं. त्यापायी रोजचं काम फार अडतं असं म्हणणारे एक टक्क्याहूनही कमी. मला सर्वांत बोलकी वाटली ती वेगळीच गोष्ट: लोकांनी हे त्रास प्रश्नावलीत जितक्या वेळा लिहिले, त्याच्या निम्म्या वेळाही डॉक्टरांना सांगितले नव्हते. समोर बसलं की माणूस “छान आहे” म्हणतो. वही तसं म्हणत नाही.

तपासणीत मागून घ्यायचे आकडे

लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी त्या बंद. मऊ लेन्स किमान दोन आठवडे, टॉरिक (सिलिंडरच्या नंबरच्या) आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे. लेन्स कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक काचेवर बसून तिचा आकार थोडा दाबते. त्या दबलेल्या आकारावरून माप घेतलं, तर लेझर ते चुकीचं माप इमानेइतबारे कोरतो. मूळ प्रतच चुकीची असली की छपाई कितीही सुबक होवो, काय उपयोग.

नंबर वर्षभरात अर्ध्याहून जास्त हललेला नसावा. अठरा पूर्ण म्हणजे कायद्याने मोकळे, पण नंबर अजून पळत असेल तर आज काढलेला उद्या पुन्हा येणार. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना थांबायचं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, संधिवातासारखा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असेल, डोळ्याला पूर्वी नागीण झाली असेल, तर विचारायची वाट न पाहता आपणहून सांगायचं.

आता जाडीचं गणित. हे स्वतः करून पाहावं, अवघड नाही. कॉर्निया मधोमध सरासरी ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. मायनस नंबर घालवायचा म्हणजे त्याचा मधला भाग घासून सपाट करायचा. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग कोरायचा असेल तर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जातात. माझा उजवा डोळा: जाडी ५३८. वरचा पापुद्रा, ज्याला ते फ्लॅप म्हणतात, ११०. सिलिंडर धरून कोरायचं ते १०० च्या आसपास. खाली उरले ३२८. किमान २५० तरी उरले पाहिजेत, आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. आणखी एक हिशेब असतो: पापुद्रा आणि कोरलेला भाग मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत हवा. माझा ३९ भरला. जेमतेम आत. डॉक्टरांनी ते लपवलं नाही आणि मीही वहीत दोनदा अधोरेखित केलं, कारण पुढे कधी पुन्हा लेझर करायची वेळ आली तर खर्च करायला माझ्याकडे फारसं शिल्लक नव्हतं.

पण नुसत्या जाडीवर विसंबू नका. जाड कॉर्नियाही आकाराने बिघडलेला असू शकतो. शंकूसारखा पुढे येणारा कॉर्निया, केराटोकोनस, सुरुवातीला चष्म्याच्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा रंगीत नकाशा काढावा लागतो. घरात कोणाला तो आजार असेल किंवा तुम्हाला डोळे चोळायची सवय असेल तर सांगा. मी सुरुवातीला एके ठिकाणी गेले होते, तिथल्या बाईंनी जाडी मोजली, “दहा मिनिटांचं काम आहे” म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवसाची तारीख देऊ लागल्या. नकाशाबद्दल विचारलं तर “तुमचा नंबर तर साधा आहे” हे उत्तर. मी चष्मा पुसला आणि निघाले.

अश्रूंची तपासणी मागा. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी पाच मिनिटं लावून ठेवतात, ती किती भिजली ते पाहतात. आधीच डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार, मग लेझर. उलटा क्रम नाही. अंधारात बाहुली किती मोठी होते तेही मोजून घ्या. आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासायचाच, त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही ही तयारी ठेवून.

पद्धतीबद्दल थोडंच

लॅसिकमध्ये पापुद्रा उघडून खाली कोरतात आणि पुन्हा झाकतात. पीआरकेमध्ये पापुद्रा नाही. वरची पातळ त्वचा काढून थेट पृष्ठभागावर कोरतात, ती त्वचा चार-पाच दिवसांत पुन्हा येते. स्माइलमध्ये आतल्या आत एक चकती कापून छोट्या छेदातून बाहेर ओढतात. कॉर्निया फार पातळ किंवा नंबर फार मोठा असेल तर लेझरऐवजी डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्याय सुचवतात. वर्षभराने निकाल बघाल तर लेझरच्या तिन्ही पद्धती एकमेकींच्या फार जवळ येतात. फरक पहिल्या महिन्याचा. माझ्या सहकाऱ्याचं पीआरके झालं. तीन दिवस तो खोलीत पडदे ओढून पडून होता, डोळ्यात तिखट गेल्यासारखं होतं म्हणे, आणि तीन आठवडे कॉम्प्युटरवरची अक्षरं त्याला पुसट दिसत होती. माझं लॅसिक, मी दुसऱ्या दिवशी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांच्या अक्षरपाटीवर दोघंही एकाच ओळीवर होतो. तेव्हा दुसऱ्याच्या तिसऱ्या दिवसाशी आपला तिसरा दिवस ताडून पाहायचा असेल, तर आधी त्याची पद्धत विचारा.

टेबलावर सांगण्यासारखं कमीच. भूल थेंबांची. पापुद्रा करताना डोळ्यावर दाब येतो आणि काही सेकंद दिसणं अंधारतं. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचं. डोळा किंचित हलला तर यंत्र मागोवा घेतं, जास्त हलला तर थांबतं. केस जळल्यासारखा वास येतो. डोळा मात्र जळत नसतो. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील किरण पेशीजालातले रासायनिक बंधच तोडतो, आजूबाजूला उष्णता पसरत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांच्या, १९८१ साली, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर. टेबलावर पडल्या पडल्या मला हीच टर्की आठवत होती. मन कुठेतरी गुंतवायला बरं असतं.

पहिले तीन महिने

पहिली रात्र: धूर भरलेल्या खोलीतून पाहिल्यासारखं, पाणी, कचकच. झोपणे हेच काम. डोळ्यांवर प्लास्टिकची ढाल लावून झोपायचं, कारण झोपेत हात आपला नसतो.

दुसऱ्या दिवशीची माझी नोंद: “उजवा ६/६. डावा ६/६, दोन अक्षरं चुकली. घड्याळ दिसलं. रडू आलं. मग आठवलं, डोळे पुसायचे नाहीत.”

इथेच बहुतेक लोक निकाल जाहीर करून टाकतात. ६/६ म्हणजे काय, तर सर्वसाधारण नजरेला सहा मीटरवरून जी ओळ वाचता येते ती तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता आली. पांढऱ्यावर काळी, ठळक, सुटी अक्षरं. तीनसांजेला राखाडी रस्त्यावरची राखाडी पायरी दिसते की नाही, हे ती पाटी सांगत नाही. नजर सकाळची सायंकाळपर्यंत टिकते का, हेही नाही. पहिल्या दिवशीचा आकडा इतकंच सांगतो की पापुद्रा जागेवर आहे आणि माप फार चुकलेलं नाही.

पाचव्या दिवशी मी हळूच एक छापील पान उघडलं. प्रत्येक ओळीच्या शिरोरेषेवर आणखी एक फिकट शिरोरेषा. अनुस्वारांची जोडपी झालेली. माझ्या पोटात गोळा आला. विसाव्या दिवसापर्यंत ती दुसरी रेषा विरत गेली, पण वेळ ठरलेली: सकाळी नाही, चारनंतर हजर. त्यातून मी दोन साध्या चाचण्या शिकले, त्या तुम्हीही करा. पुसट दिसलं की चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडा, किंवा कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. स्वच्छ झालं तर दोष अश्रूंचा. नाही झालं तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून पाहा. भोकातून स्पष्ट दिसलं तर थोडा नंबर किंवा सिलिंडर उरलेला असण्याची शक्यता. कोणत्या चाचणीने काय झालं ते वेळेसह लिहा आणि पुढच्या तपासणीला वही डॉक्टरांसमोर ठेवा. “कधीकधी धूसर होतं” या वाक्याने त्यांना काही कळत नाही. “रोज चारनंतर, उजव्यात जास्त, थेंबाने जातं” म्हटल्यावर लगेच कळतं.

माझ्या बाबतीत दोष अश्रूंचाच होता. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात. डोळा कोरडा पडतोय हा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या त्याच. त्या पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. वाचताना आपण पापण्याही कमी मिटतो, आणि माझं काम तर वाचायचंच. ‘डोळ्यात तेल घालून तपासा’ असं संपादक सांगायचे. मी वर्षभर पाणी घालून तपासलं. तिसऱ्या महिन्यात दिवसाला सहा थेंब, बाराव्यात दोन. ज्यांना वारंवार थेंब लागतात त्यांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्यावेत, कारण ते रसायनच पुढे डोळ्याला टोचायला लागतं. स्टेरॉइडचे थेंब मात्र दिलेल्या वेळापत्रकानेच. ते लांबले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि मनानेच बंद केले तर सूज उलटते.

दिव्याचं चित्र मी पहिल्या, तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात काढलं. पहिल्या महिन्यातलं खळं दिव्याच्या चौपट. तिसऱ्यात दुप्पट. बाराव्यात जवळजवळ ऑपरेशनआधीच्या चित्रासारखं, फक्त काटे वेगळ्या दिशांना. म्हणजे काहीतरी गेलं, काहीतरी आलं, बेरीज तीच. चित्रं नसती तर पहिल्या महिन्याचं भय माझ्या डोक्यात कायमचं बसलं असतं. मोठा नंबर आणि अंधारात मोठी होणारी बाहुली असलेल्या काही जणांचं खळं इतकं आटत नाही, हेही खरं. रात्री गाडी चालवणं हे ज्यांचं पाचवं कलम आहे, त्यांनी तारीख घेण्याआधी डॉक्टरांशी यावरच अर्धा तास बोलावं.

पोहायला मला महिनाभराने परवानगी मिळाली. काठावर उभी असलेली बहीण ओळखू आली, हात हलवला, तिने ओळखलंच नाही. चष्म्याशिवाय तिने मला कधी पाहिलंच नव्हतं.

वाट न पाहता फोन करायचा तेव्हा

पहिल्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं, लाली किंवा चिकट स्राव आला, उजेड सहन होईना, किंवा काल दिसत होतं तेवढं आज दिसत नाही. यातलं एकही असलं तरी तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास मोजले जातात. पापुद्र्याला सुरकुती पडली असेल तर ती पहिल्या काही दिवसांतच नीट बसवता येते. पापुद्र्याखालची सूज तर न दुखतासुद्धा नजर अंधुक करते, म्हणून “दुखत नाही ना, मग राहू दे” हा हिशेब इथे चालत नाही. डोळ्याला मार लागला तर, मग ऑपरेशनला पाच वर्षं झालेली का असेनात, पापुद्रा तपासून घ्यावा.

उशिरा येणारं एक संकट वेगळं. महिन्यांनी किंवा वर्षांनी नंबर पुन्हा वाढू लागतो आणि त्यात सिलिंडर झपाट्याने वाढतं. कॉर्निया कमकुवत होऊन फुगू लागल्याचं हे लक्षण असू शकतं. विरळा प्रकार आहे, पण वेळेत सापडला तर क्रॉसलिंकिंगने, म्हणजे रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब आणि अतिनील किरण वापरून, पुढची घसरण थांबवता येते. सापडतो कसा? जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवून.

अर्धा नंबर, आणि चाळिशी

चौथ्या वर्षी डाव्या डोळ्यात मायनस ०.५ परत आला. ६/६ वरून ६/९. याला अपयश म्हणायचं का? पाटीवर पाहिलं तर हो. डॉक्टरांनी दुरुस्तीचं विचारलं. थोडा नंबर परत येणं, विशेषतः मोठ्या नंबरवाल्यांना, नवल नाही, आणि कॉर्निया शिल्लक असेल तर दुसऱ्यांदा लेझर करता येतो. फक्त नंबर स्थिर झाल्याची खात्री करून. मी वेळ मागून घेतला, वही काढली आणि १६ सेंटिमीटरचं पान उघडलं.

त्या आकड्याची गोष्ट अशी. मायनस सव्वासहाच्या डोळ्याला बिनचष्म्याने लांबचं काही दिसत नाही, पण १६ सेंटिमीटरवर सगळं लख्ख दिसतं. माणसं वाचतात ते ३०-३५ सेंटिमीटरवर. मी त्याच्या निम्म्या अंतरावर पान आणू शकत होते, म्हणजे अक्षर दुप्पट मोठं. डोळ्याला काही कष्ट न पडता. तळटिपेतला तुटलेला रफार, अर्धवट उमटलेला नुक्ता, मी चष्मा कपाळावर सरकवून पकडायचे. जन्मभर माझ्याकडे फुकटचं भिंग होतं आणि त्याला मी व्यंग म्हणत होते. लेझरने लांबचं दिलं आणि ते भिंग काढून घेतलं. कोणी फसवलं नाही; संमतीच्या कागदावर लिहिलेलं होतं, मी सहीही केली. पण तेहतिसाव्या वर्षी ‘चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागू शकतो’ हे वाक्य ‘पुढे कधीतरी म्हातारपण येतं’ याच सुरात वाचलं जातं.

चाळिशी सगळ्यांनाच लागते. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, लेझर होवो न होवो. फरक असा की ज्यांचा मायनस नंबर शाबूत असतो ते चष्मा काढून वाचतात. ज्यांनी नंबर घालवला त्यांना चष्मा घालून वाचावं लागतं. शिवाय मायनसचा चष्मा जवळ पाहताना डोळ्याचे थोडे कष्ट वाचवतो. तो गेला की चाळिशी जरा आधी जाणवते. माझ्या नाकावर बेचाळिसाव्या वर्षी प्लस १ आला, आता सव्वा आहे.

म्हणून डाव्या डोळ्याचा अर्धा नंबर मी मुद्दाम ठेवला. दोन्ही डोळे उघडे असताना लांबचं उजवा पाहतो, आणि जवळच्या मजकुराला डावा हातभार लावतो. मेनू, मोबाइलवरचे निरोप, औषधाच्या पट्टीवरची तारीख, यांना मला चष्मा लागत नाही. रात्री लांब गाडी चालवायची असली तर गाडीत ठेवलेला मायनस अर्ध्याचा चष्मा लावते. कामाला प्लसचा. म्हणजे चष्मे शून्य वरून दोन झाले, असं बहीण हिशेब मांडते. मी तिला सांगते, उठल्यावर घड्याळ अजून दिसतं.

ज्यांचं वय पस्तिशीच्या पुढे आहे त्यांनी एक तालीम जरूर करावी. पूर्ण नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर आपलं बारीक काम करा. लेझरनंतर जवळचं जवळपास तसंच दिसणार आहे. एका डोळ्यात थोडा नंबर ठेवायचा विचार असेल तर त्याचीही तालीम लेन्स लावूनच होते, आणि नाही जमलं तर लेन्स काढून टाकता येते.

जे बदलत नाही

मायनस नंबरचा डोळा लांबीने मोठा असतो. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. लेझर पुढची काच बदलतो, लांबी तशीच राहते. मागचा पडदा ताणलेला होता तो ताणलेलाच. म्हणून चष्मा गेला तरी पडद्याची तपासणी जात नाही. मी वर्षातून एकदा करते. अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं, किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुसऱ्या दिवशी नाही.

आणि फाइल. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाचा वक्र, जाडी, नकाशा, किती मायक्रॉन कोरले आणि नंतर स्थिर झालेला नंबर. याच्या दोन प्रती. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना बदललेला कॉर्निया नेहमीचं गणित चुकवतो. जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टर ते सावरून घेतात. काचबिंदूच्या तपासणीतही तेच: पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवला जातो. तेव्हा नव्या डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य, “माझं लेझर झालेलं आहे.” डोळ्याकडे पाहून सगळ्यांनाच ते ओळखू येईल असं धरून चालू नका.

भाचीचा नंबर मायनस ४ आहे. मागच्या वर्षीपेक्षा पाऊण वाढला, म्हणून डॉक्टरांनी तिला वर्षभर थांबायला सांगितलंय. ती रुसली होती. काल तिने एक फोटो पाठवला: वहीचं पहिलं पान, पेन्सिलीने काढलेला एक दिवा, भोवती वाकडंतिकडं खळं, आणि खाली लिहिलेलं, “उजवा झाकून. काटे सात. आधी मला वाटायचं सगळ्यांनाच असे दिसतात.”